भीमेपलीकडचा टॅब

मेंढरं चोरीला गेली बार्शीकडच्या एका खांडातली, आणि ते निस्तरणं आलं सोनालीच्या टेबलावर.

सोनाली सोलापुरात, सात रस्त्याजवळ, मेंढपाळांच्या एका संस्थेत कामाला होती. दिवाळी झाली की जे धनगर मेंढरं घेऊन घराबाहेर पडतात, त्यांना संस्थेनं एकेक टॅब दिला होता. कुठल्या जनावराला कधी लस टोचली, खांड, म्हणजे कळप, कुणाच्या रानात बसलंय, कुठलं कोकरू आजारी आहे, ते सगळं त्यात भरायचं. रेंज आली की ते सोलापूरच्या सर्व्हरवर येऊन पडायचं आणि ऑफिसचे निरोप तिकडं जायचे. रेंज नसली तर टॅब आपल्या पोटात जे आहे त्यावर चालायचा. कुणाला काय उघडता यावं आणि काय येऊ नये, ते ठरवणं आणि सांभाळणं हे सोनालीचं काम होतं.

बार्शीकडचा टॅब बाजारात पिशवीतून गेला होता. तो ज्याच्या हाती लागला, त्यानं नकाशा उघडून पाहिला आणि भावाभावांची तीन खांडं कुठं बसलीत ते त्याला आयतंच कळलं. टेम्पो गेला आणि मेंढरं घेऊन आला.

उदयसिंह सर संस्थेचे प्रमुख. आवाज न चढवणारा माणूस. पण त्या दिवशी खुर्चीत बसवेना त्यांना.

"टॅब हरवल्याचं कळलं तेव्हाच आपण तो इथून बंद केला होता ना?"

"केला होता, सर. पण इथला हुकूम टॅब रेंजमध्ये आल्याशिवाय त्याला कळत नाही. त्या माणसानं तो रेंजमध्ये आणलाच नाही. टॅबला शेवटचं जे माहीत होतं, त्यावरच तो चालत राहिला."

"म्हणजे आपण इथून कितीही हाका मारल्या तरी..."

"त्याला ऐकू जात नाहीत."

उदयसिंह खिडकीशी गेले, परत आले. "मग त्याला आधीच सांगून ठेवायचं. इतके दिवस आपलं बोलणं झालं नाही तर तू स्वतःच कुलूप लावून घे. जमेल?"

"जमेल."

"किती दिवस ठेवायचे? तुम्हीच सांगा. तुम्हाला या लोकांची चाल माहीत आहे."

सोनाली पडद्याकडं वळली. तिच्या पडद्यावर जिल्ह्याचा आणि आजूबाजूचा नकाशा होता. बोलत असलेले टॅब हिरवे ठिपके, गप्प असलेले करडे. भीमेच्या पलीकडे, झळकीच्या अलीकडे, एक करडा ठिपका दिवाळीनंतर लगेच जिथं थांबला होता तिथंच थांबलेला होता. तो टॅब गोजाबाई पुजारी यांच्या खांडाचा. गोजाबाई सोनालीची सासू, आणि तो टॅब सांभाळणारा बिरुदेव तिचा नवरा.

बिरुदेव आधी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होता, टॉवेलच्या कारखान्यात, मागावर. दोघं कुंभारीला एका खोलीत राहायची. तो सायकलवर जायचा, ती बसनं सोलापूरला. सोनालीचं बालपण खांडामागं चालण्यात गेलेलं. आज या रानात, उद्या त्या रानात, शाळा आश्रमशाळेच्या पत्र्याखाली. तिला ती कुंभारीची खोली मनापासून आवडायची. दाराला कडी, नळाला पाणी, भिंतीवर एकाच जागी राहणारा आरसा. बिरुदेवचं उलटं. "कानात माग बसलाय," म्हणायचा. जेवताना मध्येच थांबून ऐकायचा. आणि मग मल्लप्पा मामा, म्हणजे त्याचा बाप, गेला. एकटी म्हातारी खांड कसं हाकणार? ठेवलेला गडी आठ दिवसांत पळाला.

"मी जातो आईसंगं," बिरुदेव एक दिवस म्हणाला.

सोनालीला ते दिसत होतंच. ती एवढंच म्हणाली, "जावा. पर थांबा थोडं. पुढच्या आठवड्यात देवीची लस द्यायला डॉक्टर मंद्रूपला येणारायत. मेंढरांना टोचून घ्या नि मग जावा."

"लस, लस! तुला माणसापरीस तुजा टॅब मोठा झालाय."

"माणसासाठीच सांगतेय की."

"तू येतीस का आमच्यासंगं? न्हाय न्हवं? मग थांब म्हणू नगं."

तो पहाटे निघून गेला. खांड मंद्रूपवरून खाली उतरलं, भीमा ओलांडली आणि ठिपका करडा झाला. त्याचा फोनही लागेना. मंद्रूपच्या बाजारात कुणीतरी सोनालीच्या भावाला सांगितलं की खांड झळकीच्या बाजूला दिसलं, म्हातारी काठी टेकत चालत होती. एवढीच खबर.

आणि आता तिलाच विचारलं जात होतं की गप्प राहिलेल्या माणसाला किती दिवस आपला समजायचं.

"पंधरा दिवस," ती शेवटी म्हणाली. "त्याहून जास्त दिवस धनगर बाजाराशिवाय राहत नाही. बाजार म्हटला की रेंज आलीच."

"आणि आत्ताच जे गप्प आहेत ते?"

"त्यांना हा नियम अजून माहीतच नाही. ते जुन्या नियमावर उघडे राहतील. ज्या दिवशी रेंजमध्ये येतील, त्या दिवशी नियम पोचेल आणि टॅब तिथल्या तिथं कुलूप लावेल. पडद्यावर फक्त आपला नंबर दिसेल. मग त्यांनी फोन करायचा, नोंदणीच्या वेळी सांगितलेली खूण सांगायची, आणि आपण उघडायचा कोड द्यायचा."

"चांगलं आहे. एखाद्याला वगळायचं असेल तर वगळा, फक्त कारण लिहा." उदयसिंहांनी नकाशाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. करडा ठिपका कुणाचा, ते त्यांना ठाऊक होतं. ते आत गेले.

सोनालीनं बिरुदेवच्या टॅबचा क्रमांक वगळायच्या रकान्यात टाकला. कारणाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. काय लिहायचं? माझा नवरा आहे? तो चोर नाही, रुसलाय? तिनं 'विश्वासातले' असं लिहिलं आणि बार्शीकडची ती म्हातारी आठवली, जिची मेंढरं गेली होती आणि जी परवा याच ऑफिसच्या पायरीवर बसून रडली होती. तीही विश्वासातलीच होती. सोनालीनं क्रमांक पुसला आणि नियम सगळ्यांना सारखा सोडून दिला.

त्यानंतर मोठा विचित्र काळ गेला. सकाळी ऑफिसात आल्या आल्या ती पर्स खांद्यावरून काढायच्या आधी पडदा चालू करायची. ठिपका हिरवा व्हावा असं जीव तोडून वाटायचं. आणि तो हिरवा झाला की त्याच क्षणी टॅब बिरुदेवच्या तोंडावर कुलूप लावणार, हेही तिनंच करून ठेवलेलं. रानात मेंढरू मरायला टेकलं असेल, डॉक्टरला हाक मारायला त्यानं टॅब रेंजमध्ये नेला असेल, आणि टॅब म्हणेल, तू कोण? या विचारात तिचा डबा तसाच घरी परत यायचा.

शेजारच्या खोलीतली दाक्षायणी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर होती. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. संध्याकाळी दोघी दारात बसून भाजी निवडायच्या.

"जाऊन ये की गं एकदा," दाक्षायणी म्हणायची. "झळकी किती लांब? बसमदी बसलं की आलं."

"कुठल्या रानात शोधू? खांड एका जागी असतंय व्हय?"

"मग वाट बघ. पण जेव तरी, तायी."

सोनालीला त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या बारीकसारीक सवयी आठवायच्या. सायकल लावताना घंटी एकदा विनाकारण वाजवायची. भाकरी मोडायच्या आधी तव्यावरच्या फुगलेल्या पापुद्र्यावर बोट टेकवून बघायचं. खोलीत त्या दोन्ही गोष्टी नव्हत्या आणि खोली केवढी मोठी झाली होती.

फोन आला तो मंगळवारी, ऐन दुपारी, कर्नाटकातल्या अनोळखी नंबरावरून.

"हॅलो, मेंढपाळांचं ऑफिस का?" मागं विहिरीवरच्या मोटरीची घरघर. "टॅब उघडंना आमचा. ह्योच नंबर लिवलाय त्याच्यावर."

तिनं टेबलाची कड धरली. पडद्यावरचा ठिपका हिरवा झाला होता आणि त्याच्याशेजारी छोटं कुलूप.

"तुमचं नाव सांगा," ती म्हणाली.

पलीकडं मोटर घरघरत राहिली.

"सोने?"

"नाव सांगा. नियम आहे."

"बिरुदेव मल्लप्पा पुजारी. हल्ली मुक्काम रान." तो थांबला. "कशी हायस?"

"नोंदणीच्या वेळी तुम्ही एक खूण सांगितली होती. खांडातल्या म्होरक्या मेंढीचं नाव. ते सांगा."

"तुला म्हाईत हाय की ते. तूच ठिवलंयस."

माहीत होतंच. लग्नाच्या वर्षी, कुंभारीला यायच्या आधी, एक कोकरू आईवेगळं झालं होतं. सोनालीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, रात्री घोंगड्यात घेऊन निजली. पुढं तीच मेंढी खांडाच्या पुढं चालायला लागली.

"मला माहीत असून भागत नाही," सोनाली म्हणाली. "तुम्ही बोलायला लागतं."

बराच वेळ नुसती घरघर. तिला वाटलं फोन ठेवला.

"हरणी," तो म्हणाला. "हरणी. पर ती गेली, सोने. देवी आली खांडात. पयली तीच गेली."

सोनालीनं पडद्याकडं पाठ फिरवली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं वर पाहिलं, परत मान खाली घातली.

"अजून किती?"

"मोजली न्हाईत. मोजवनात."

"म्हणून फोन केला नाही?"

"कुटल्या तोंडानं करू? तू थांबा म्हणत हुतीस. आठ दिस थांबलो असतो तर..." पुढचं मोटरीच्या आवाजात गेलं. "आता बरं हुतं, तर परत दोन-तीन कोकरांच्या तोंडाला फोड आल्यात. आई म्हणाली, तुजा रुसवा घाल चुलीत, डाक्टरला बलीव. म्हणून गावाकडं आलो. तर हे कुलूप."

"ते मी घातलंय."

"तू?"

"सगळ्यांना घातलंय. कोड सांगते, दाबा."

ती एकेक आकडा सांगत गेली, तो मागून म्हणत गेला. शेवटचा आकडा झाला, आणि एका क्षणानं फोनमधून एका बाईचा आवाज आला, शांत, सावकाश: "...खुरं स्वच्छ पाण्यानं धुवून घ्या. मोरचुदाच्या पाण्यात थोडा वेळ उभं करा. घाई करू नका, मेंढरू भितंय..."

सोनालीचाच आवाज होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिनं मागच्या वर्षी रोगाच्या सूचना तोंडानं सांगून टॅबमध्ये घातल्या होत्या. तिकडं टॅब जिथं थांबला होता तिथनंच पुढं बोलायला लागला होता.

बिरुदेवनं घाईनं तो बंद केला असावा, कारण आवाज तुटला. आणि फोन कुणीतरी हिसकावून घेतला.

"सोनाली व्हय? मी गोजाबाई."

"आत्या, बरी हाय का?"

"मला काय धाड भरलीय? ह्या बाब्याला इचार. रोज सांजंला वाघरीच्या जाळीत मेंढरं कोंडली की टॅब घिऊन बसतोय. मेंढरांची खुरं ठणठणीत हायत, एक मेंढरू लंगडत न्हाय, आन ह्यो रोज खुराचंच ऐकतोय. मला सुदीक पाठ झालं की गं. घाई करू नका, मेंढरू भितंय. रातच्याला झोपंत म्हणतीया मी."

"आई, दे तो फोन," मागून बिरुदेवचा आवाज.

"थांब रं. पोरी, डाक्टर पाठीव. आन जमलं तर तू बी ये."

उदयसिंहांनी तिचा चेहरा पाहून काही विचारलं नाही. "सकाळी जीप काढू," ते म्हणाले. "डॉक्टर आहेत, लसीची पेटी आहे. कळप ओळखणारं कुणीतरी लागेल. तुम्ही जा."

सकाळी जीप भीमेच्या पुलावरून गेली. नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. झळकीच्या पुढं डांबरी सोडून ती आत वळली आणि तुरीच्या काढलेल्या रानातून धूळ उडवत गेली. खांड दिसायच्या आधी वास आला, लोकरीचा, लेंड्यांचा, ओल्या घोंगड्याचा. ज्या वासापासून लांब जायला सोनालीनं एवढा अभ्यास केला, तो नाकात भरला आणि तिचे डोळे भरून आले.

बिरुदेव बांधावर उभा होता. वाळला होता. गालफडं वर आलेली. ती जीपमधून उतरली तसा तो दोन पावलं पुढं आला आणि डॉक्टरांना बघून थांबला. गोजाबाईनं मात्र कुणाची पर्वा केली नाही. सुनेच्या गालावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं कडाकडा मोडली.

दुपारपर्यंत काम चाललं. बिरुदेव मेंढरू धरून आणायचा, सोनाली ते गुडघ्यात दाबून धरायची, डॉक्टर टोचायचे. तिचे हात काही विसरले नव्हते. आजारी कोकरं वेगळी काढून बाभळीखाली बांधली. बोलणं फक्त 'हिला धर', 'ती सुटली', 'ही झाली' एवढंच. पण प्रत्येक मेंढरू हातातून हातात जाताना बोटं बोटांना लागत होती, आणि ती कुणी मागं घेत नव्हतं.

डॉक्टर भाकरी खायला बसले तेव्हा बिरुदेवनं तिला बांधापलीकडची हरणीची जागा दाखवली. वर काटेरी फांद्यांचं शिरं टाकलं होतं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. दोघं तिथं बसली.

"एक विचारू?" सोनाली म्हणाली. "हितं येताना वाटंत चार गावात रेंज होती. तुमचा टॅब मला कदीच कसा दिसला न्हाय?"

त्यानं मातीत काडीनं रेघ ओढली. "इमानाचं बटन दाबून ठिवलं हुतं, रेंज तोडायचं."

"का?"

"रेंज आली की तुजा निरोप येईल असं वाटायचं. आन न्हाय आला तर? बटन दाबलं की म्हणायला बरं, निरोप आलाय, आपल्यालाच पोचंना."

"मी रोज पाठवत हुते की."

"ते काल आले. एकदम सगळे. टॅब नुसता टुणटुण." तो हसला, पण ओठांच्या कडेनंच. "सगळे ऑफिसचे. खांडाची जागा कळवा. लसीची तारीख कळवा. कृपया संपर्क साधा."

"मग दुसरं काय लिवणार? ते सगळ्या ऑफिसला दिसतं."

"व्हय?" त्यानं मान वर केली.

"व्हय."

त्यानं काडी खाली टाकली. मग एकेक निरोप मनात परत वाचावा तसा हळूहळू म्हणाला, "कृपया संपर्क साधा."

सोनालीला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. त्यानं आपल्या मुंडाशाचं टोक पुढं केलं. तिनं त्यालाच तोंड पुसलं.

जायची वेळ झाली तेव्हा त्यानं तिला राहा म्हटलं नाही, आणि तिनं त्याला चला म्हटलं नाही. म्हातारी चूल पेटवत होती, मेंढरं अजून दोन महिने तरी या रानांतून फिरायची होती. उद्या ऑफिसात तिला नव्या टॅबांची नोंदणी करायची होती. दोघांनाही ते दिसत होतं.

"ते बटन आता दाबू नका," एवढं ती म्हणाली.

"न्हाय दाबत. पर ह्या रानात रेंजच न्हाय. त्या टेकाडावर चढाय लागतंय."

"मग चढा. जमंल तवा."

"रोज चढंन," बिरुदेव म्हणाला.

जीप हलली. धुळीत तो आणि खांड मिळूनच दिसेनासे झाले. पुलापर्यंत तिनं मागं बघितलं, मग नुसती हात मांडीवर ठेवून बसली.

कुंभारीला उतरली तेव्हा दाक्षायणी दारातच होती. सोनालीनं खोली उघडली, ओढणी काढून खुंटीला अडकवली आणि तिथंच त्या ओढणीशेजारी उभी राहिली.

दाक्षायणी आत डोकावली. नाकाला पदर लावला. "अय्यो! केवढा वास मारतोय मेंढरांचा. दे हिकडं, माझ्या कपड्यात धुवून टाकते."

"नको," सोनाली म्हणाली. "राहू दे थोडे दिवस."